दोन फडक्यांचं काम : गाडीला स्प्रे सीलंट मारल्यावर पट्टे का उठतात

एप्रिलमधला रविवार, सकाळचे अकरा. गाडी नुकतीच धुतलेली, गडद निळा रंग उन्हात झळकतोय आणि माझ्या हातात सीलंटची, म्हणजे रंगावर पाणी न धरणारा पातळ थर बसवणाऱ्या द्रवाची, अर्ध्या लिटरची कोरी बाटली. बॉनेटवर मी हात सैल सोडून फुसफुस मारत सुटलो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी "अरे, सेंट मारतोयस की काय गाडीला?" असं विचारलंसुद्धा. गोल गोल फडकं फिरवलं, चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि खूश होऊन जेवायला गेलो.

संध्याकाळी ऊन तिरपं झालं आणि बॉनेटवर पांढुरके पट्टे दिसायला लागले. शाळेत फळा ओल्या डस्टरने पुसला की वाळल्यावर जे फराटे दिसायचे, अगदी तसे. पुसावं तर जात नव्हते, बोट टेकवावं तर बोटाचा ठसा उठत होता. मला वाटलं, सीलंट कमी पडलं. पुढच्या रविवारी आणखी मारलं. पट्टे आणखी वाढले. बाटली दोन रविवारांत संपली.

चूक कुठे होती ते कळायला बराच काळ गेला, पण उत्तर एका ओळीचं आहे. पट्टा म्हणजे पुसून काढायचं राहून गेलेलं सीलंट. गाडीवर जे बसायचं ते पहिल्याच फवाऱ्यात बसलेलं असतं. उरलेलं तिथून निघून जायला हवं असतं आणि आपण तेच घोळवत बसतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

बाटलीत असतं काय?

आधी खालच्या रंगाबद्दल. गाडीच्या पत्र्यावर एकच थर नसतो. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा फार तर सहावा-सातवा भाग. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. शोरूममधून बाहेर काढताना जिच्याकडे बघून आपण पेढे वाटतो ती सगळी चमक केसापेक्षा पातळ पापुद्र्यावर उभी आहे, आणि सीलंट बसतं ते त्या पापुद्र्याच्याही वर.

बाटलीत बहुतेक भाग पाण्याचा किंवा लवकर उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो. कामाचा माल थोडाच: सिलिकॉनच्या जातीची पॉलिमरं, सिलिकापासून बनवलेली रेझिनं, नाहीतर मेण. मेणांत सगळ्यात नावाजलेलं कार्नौबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात ताडाच्या कुळातलं एक झाड आहे, त्याच्या पानांवर ते साचतं आणि ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यातही ते टिकाव धरतं.

पाण्यात विरघळवून, किंवा खरं सांगायचं तर पाण्यात घुसळून ठेवलेल्या या पॉलिमरांच्या रेणूंना ठिकठिकाणी धन भाराची टोकं जोडलेली असतात. रंगाच्या पृष्ठभागावर किंचित ऋण भार असतो. दोघांची गाठ पडली की रेणू रंगाला धरून बसतात आणि त्यांची पाण्याशी न जुळणारी बाजू वर राहते. म्हणून नंतर पाणी मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. पण रंगाला धरून बसण्याची ही सोय फक्त रंगाला टेकलेल्या रेणूंची. त्यांच्या डोक्यावर चढलेल्या मालाला धरायला काहीच नसतं. तो नुसता पडून राहतो. बोट लावलं की ठसा उठतो तो याच मालाचा.

आता थोडा हिशेब. फवाऱ्याचा घोडा एकदा पूर्ण दाबला की साधारण एक मिलिलिटर बाहेर येतं. एका चौरस मीटरवर ५ मिलिलिटर एकसारखं पसरलं तर थर होतो ५ मायक्रॉनचा. त्यात कामाचा माल ५ टक्के आहे असं धरू. पाणी उडून गेल्यावर उरतो पाव मायक्रॉन. रंगाला टेकून बसणाऱ्या रेणूंच्या थराला त्याचाही लहानसा अंश पुरतो. म्हणजे पाच फवाऱ्यांतही गरजेपेक्षा कितीतरी जास्त माल गाडीवर आला. छोट्या गाडीचं बॉनेट एक-सव्वा चौरस मीटरचं असतं. त्या रविवारी मी तिथे निदान वीस फवारे मारले होते.

घावन करणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. बिडाच्या तव्यावर तेल सोडतात आणि अर्ध्या कांद्याने किंवा नारळाच्या शेंडीने ते पुसून घेतात. दिसायला तवा कोरडाच दिसतो, पण घावन अलगद सुटतं. तेल डबक्यासारखं साचलं तर पीठ घसरतं, जाळी पडत नाही, कडेला पिवळट डाग येतात. काम करतं ते पुसून उरलेलं तेल.

जास्तीचा माल सगळीकडे सारखा राहिला असता तर कदाचित दिसलाही नसता. पण तो तसा राहत नाही, आणि याचं कारण ओट्यावर सांडलेल्या चहाच्या थेंबात आहे. थेंब वाळला की कडेला गडद कडं उरतं आणि मध्यभाग फिका दिसतो. थेंबाची कडा आधी वाळते, तिथली तूट भरून काढायला आतलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना आपल्यातला माल तिथे नेऊन टाकतं. १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीच्या डागावरून हे गणित मांडलं आणि 'नेचर'मध्ये ते छापून आलं. गाडीवर तेच घडतं. फडक्याचा प्रत्येक फेरा मागे ओलाव्याची एक पट्टी सोडतो, तिच्या कडा आधी वाळतात, माल कडांवर जमतो. ती झाली रेघ.

मग काकांच्या पांढऱ्या गाडीवर हे पट्टे का दिसत नाहीत? असतात तिथेही. पांढरा रंग मुळातच भरपूर प्रकाश चहूकडे फेकतो, त्यात पट्ट्याने फेकलेला चिमूटभर प्रकाश हरवून जातो. काळा, गडद निळा, मरून हे रंग प्रकाश गिळतात, त्यामुळे त्यांच्यावर पातळसा पट्टाही खडूच्या रेघेसारखा उठून दिसतो. काका आजही म्हणतात, "माझ्या हातालाच वळण आहे रे." मी काही बोलत नाही.

ऊन आणि पाणी

पुसायला किती वेळ मिळणार हे पत्र्याच्या तापमानावर ठरतं. सावलीत गार पत्र्यावर सीलंट मिनिटभर ओलं राहतं. एप्रिलच्या उन्हात गडद बॉनेटवर हात टेकवत नाही, तिथे फवारा पडल्या पडल्या पाणी उडतं आणि माल जिथे पडला तिथेच थिजतो. फडकं पोचेपर्यंत थेंबाथेंबांची नक्षी तयार झालेली असते. पारख सोपी आहे. तळहाताची मागची बाजू पत्र्यावर दहा सेकंद ठेवा. पत्रा गार किंवा कोमट लागला तर कामाला लागा. हात काढावासा वाटला तर चहा प्या आणि संध्याकाळची वाट बघा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर सावलीतही बॉनेट तापलेलं असतं, हे बरेच जण विसरतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात हे काम पहाटे सहाला किंवा तळघरातल्या पार्किंगमध्येच करावं.

उलट टोकही आहे. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत भल्या सकाळी पत्रा हवेपेक्षा गार असतो आणि पुसता पुसता त्यावर पुन्हा दव धरतं. आपण सीलंट पुसतोय की दव, तेच कळत नाही. आणि जुलैतली मुंबई किंवा रत्नागिरी असेल तर हवेतच इतकी ओल असते की सीलंटमधलं पाणी उडायला जागाच मिळत नाही. पुसल्यावर सगळं छान दिसतं आणि अर्ध्या तासाने धुरकटपणा वर येतो. अशा दिवसांत आणखी कमी मारायचं, आणि वीसेक मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुन्हा एक हात फिरवायचा. दुसरा इलाज नाही.

पाण्याची गोष्ट याहून चिवट. आपल्याकडे निम्म्या सोसायट्यांत गाड्या बोअरच्या पाण्याने धुतल्या जातात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये एकूण कठीणपणाची मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा तुमच्या बोअरला ५०० आहे आणि धुतल्यावर अर्धा लिटर पाणी गाडीवरच वाळलं. पाव ग्रॅम खडू गाडीवर पसरला म्हणून समजा. त्यावर सीलंट मारलं की खडू त्याखाली झाकला जातो, आणि मग जो धुरकटपणा दिसतो त्याचं खापर बाटलीवर फुटतं.

त्यातही एक घरगुती घात आहे. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवायचं आणि त्याने गाडी धुवायची. पाणी वाचवायची वृत्ती चांगलीच, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार एकवटलेले असतात. ते फरशीला वापरा, संडासात ओता, गाडीला नको. गाडीला द्यायचंच असेल तर आरओचं गाळलेलं चांगलं पाणी दोन लिटर द्या, शेवटचा हात फिरवायला. तेवढ्याने डागांचा प्रश्न पुष्कळसा मिटतो.

धुण्याबद्दल फार लिहीत नाही. गाडीचा शाम्पू वापरा, दोन बादल्या ठेवा, वरून खाली या. मात्र रंगावरून तळवा फिरवून बघा. धुतल्यावरही खरखरीत लागला तर ब्रेकची लोखंडी धूळ, डांबराचे ठिपके किंवा पर्जन्यवृक्षाखाली पडणारे चिकट थेंब अजून चिकटलेले आहेत. ते क्ले बारने, म्हणजे रंगावरून घासत नेली की चिकटलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ वडीने, काढावे लागतात. सर्व्हिसिंगच्या वेळी कुणी तेलकट 'पॉलिश' फासून दिलं असेल तर तेही आधी निघायला हवं, कारण पाण्यात घुसळलेलं सीलंट तेलावर एकसारखं पसरत नाही. तव्यावरच्या तेलात पाणी शिंपडल्यासारखं ते जागोजाग तुटतं.

फडकी

सगळा खेळ इथे आहे, त्यामुळे जरा थांबून.

जुनी बनियन नको. पिवळं फडकंही नको. सुती धागा पाणी पितो खरा, पण तो जाड असतो. सीलंटचा पातळ थर उचलण्याऐवजी तो पुढे ढकलतो. मायक्रोफायबरचा तंतू पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड यांचा मिळून केलेला आणि आडव्या छेदात चिरलेला असतो. त्या चिरांमध्ये द्रव शिरतो आणि तिथेच अडकतो. वेष्टणावर ८०:२० किंवा ७०:३० असं लिहिलेलं असतं ते या दोन घटकांचं प्रमाण. दुसरा आकडा जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. पसरायला ३००च्या आसपासचं चालतं, शेवटच्या पुसण्याला थोडं लोकरी, ३५० ते ४००चं बरं.

चाळीस बाय चाळीस सेंटिमीटरचं फडकं दोनदा दुमडलं की चार पदर होतात आणि उलटसुलट करून आठ कोऱ्या बाजू मिळतात. दर पॅनलला, म्हणजे दार, बॉनेट अशा पत्र्याच्या एकेका भागाला, एक बाजू. फडकं माल पिऊन तट्ट झालं की ते उचलायचं थांबतं आणि परत द्यायला लागतं. आठव्या पॅनलपर्यंत सगळं नीट आणि मग अचानक पट्टे, असं होतं ते याच कारणाने.

नवं फडकं आधी धुवा, त्यात कारखान्यातली लव असते. कडेला शिवलेलं कडक लेबल कापून टाका. धुताना कपड्यांत घालतात ते फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, ते तंतूंवर पातळ थर धरतं आणि फडकं पाणी पिणं सोडून देतं. सुती कपड्यांबरोबर धुतलं तर त्यांची लव या तंतूंत अडकते. इस्त्री तर नकोच, पॉलिस्टर आहे ते. सावलीत दोरीवर वाळत घातलं की झालं.

आणि ही फडकी लपवून ठेवा. एकदा गाडीच्या दारांवर काही केल्या पट्टे जात नव्हते. माल मोजून, सावली बघून, सगळं पद्धतशीर. शेवटी आई म्हणाली, "ते निळं होय? परवा गॅसची शेगडी पुसली त्याने. काय छान निघतं रे." फोडणीचं तेल मी दारावर घासत होतो. आता गाडीच्या फडक्यांच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका आहे आणि आईला दोन वेगळी आणून दिली आहेत.

एक दार, सुरुवातीपासून शेवटापर्यंत

ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं दार घेऊ. बाटली हलवा, चांगली अर्धा मिनिट. आतला माल पाण्यात घुसळलेला असतो आणि कपाटात उभ्या उभ्या त्याचे थर वेगळे होतात. न हलवता मारलं तर आधी नुसतं पाणी जातं आणि बाटलीच्या तळाशी पोचाल तेव्हा दाट साय. तोटी फिरवून धार नाही, तुषार येईल असं बघा. एक फवारा बादलीवर मारा. थेंब थुंकत असेल तर तोटीत जुना माल वाळलेला आहे, ती गरम पाण्याखाली धरा.

आता पहिल्या फडक्यावर दोन फवारे. दारावर नाही, फडक्यावर. कोरडं फडकं पहिला माल स्वतःच पिऊन टाकतं, मग दाराच्या वरच्या भागाला काही मिळत नाही आणि खालच्याला भरपूर. फडकं दमट झालं की दारावर हातभर अंतरावरून दोन फवारे, एक वर, एक मध्ये. वारा असेल तर तुषार काचेवर जातो, तेव्हा सगळंच फडक्यावर मारा.

पसरताना गोल फिरवू नका. डावीकडून उजवीकडे सरळ, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवत खाली या. मग तेवढाच भाग वरून खाली, आडवा-उभा. दाराच्या मध्यातून जी कडक घडी जाते तिच्या खालच्या बाजूला माल साचतो, तिथून बोटाने फडकं दाबून न्या. हँडलच्या मागची वाटी, काचेच्या खालची काळी रबरी पट्टी, दोन्हीकडे एकेक हात. इतकं होईपर्यंत वीस सेकंद गेलेली असतात आणि दारावर फुंकर मारल्यासारखी पातळ ओल दिसत असते. ती वाळायच्या आत दुसरं फडकं उचला.

दुसरं फडकं पूर्ण कोरडं हवं आणि हात हलका हवा. दाबलं की ते माल उचलत नाही, सारवत जातं. फडक्याचं नुसतं वजन पडेल इतकंच. एकदा आडवा हात, फडकं उलटा, एकदा उभा हात. ओल निघून गेली आणि फडकं घसरायला लागलं, जणू काचेवरून रेशीम जातंय, की ते दार झालं. पुढच्या दाराकडे जाण्याआधी मोबाइलचा टॉर्च दाराला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. समोरून टाकलेल्या उजेडात काही दिसत नाही, तिरप्या उजेडात लपलेलं सगळं वर येतं. आता दिसलं तर दोन सेकंदांत पुसता येतं, संध्याकाळी दिसलं तर नाही.

क्रम छतापासून. मग बॉनेट, डिकी, दारांचे वरचे भाग आणि सगळ्यात शेवटी चाकांजवळचा खालचा पट्टा, कारण तिथे कितीही धुतलं तरी माती राहते. पूर्ण गाडी फवारून मग पुसायला सुरुवात करणं ही माझी जुनी पद्धत. शेवटच्या पॅनलपर्यंत पोचेतो पहिला वाळून कडक झालेला असायचा.

बाजारात ओल्या गाडीवर मारून पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन टाकायची सीलंटंही मिळतात. काम झटपट होतं, पण तिथे जास्तीचा माल काढायचं काम फडक्याऐवजी पाणी करतं. बादली-मग्ग्याने ते साधत नाही, आणि पाणी बोअरचं असेल तर मागची सगळी कथा पुन्हा सुरू.

उठलेच पट्टे, तर

घाबरून पॉलिशवाल्याकडे धावू नका. आधी पट्ट्यावर तोंडाने "हा" करून वाफ सोडा आणि कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. गेला तर माल अजून ताजा आहे. फडकं चांगल्या पाण्यात बुडवून, घट्ट पिळून तो पॅनल पुसा आणि लगेच कोरडं फिरवा. बहुतेक वेळा इथेच सुटका होते.

नाही झाली तर उलटी वाटणारी युक्ती: त्याच सीलंटचा एक फवारा त्याच जागी मारा आणि लगेच पुसा. नव्या मालातलं द्रावक जुना थिजलेला माल सैल करतं. मात्र एकच फवारा आणि ताबडतोब पुसणं. मी त्या दुसऱ्या रविवारी दहा मारून सावकाश पुसलं होतं.

तरीही हटत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात तिप्पट पाणी घातलं की सतरा-अठरा टक्क्यांवर येतं आणि रंगाला तेवढं सोसतं. आसपास उदबत्ती, सिगारेट नको. याने सीलंट निघून जातं, त्यामुळे तो पॅनल नव्याने करायचा. कोरोनाच्या काळात उरलेलं सॅनिटायझर यासाठी वापरू नका. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं, पट्ट्यांवर आणखी पट्टे.

अल्कोहोलनेही गेला नाही, तर तो सीलंटचा पट्टा नाही. गोल कडा असलेले ठिपके असतील तर क्षारांनी रंगात घर केलंय. उन्हात सरकणाऱ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर ते ओरखडे आहेत. एकच बादली घेऊन पंधरा गाड्या पुसणाऱ्याच्या फडक्यातल्या मातीचे असतील किंवा पॉलिशच्या मशीनचे. सीलंट ते बुजवत नाही. आणि आरशाच्या खालून किंवा नंबरप्लेटच्या वरून निघालेला एकच उभा ओघळ असेल, तर आत अडकलेलं पाणी नंतर गळलंय एवढंच. धुतल्यावर दारं, डिकी उघडझाप करून आरशांच्या फटी टिपून घेतल्या की तो ओघळ येत नाही.

कुठे मारायचं नाही

पुढच्या काचेवर नको, तसं बाटलीवर स्पष्ट लिहिलं नसेल तर. वायपर थरथरत कर्रकर्र करतो आणि रात्री पावसात समोरच्या दिव्यांचा उजेड काचभर फाकतो. ब्रेकच्या चकतीवर तर कधीच नाही. उरलेला फवारा स्कूटरला मारायचा मोह होतो, तेव्हा डिस्क, टायर, सीट आणि पाय ठेवायची जागा फडक्याने झाका, नाहीतर थेट फडक्यावर घेऊन फक्त रंगाला लावा. मॅट रंगाच्या गाडीला साधं सीलंट नको, तिथे चमक हाच डाग.

बाटलीवरच्या '९ एच'ला फार भुलू नका. तो पेन्सिलींच्या कठीणपणाचा आकडा आहे. ९ एचच्या पेन्सिलीने ओढून ओरखडा उठला नाही, इतकाच त्याचा अर्थ, आणि तोही जाड सिरॅमिक कोटिंगच्या संदर्भातला. स्प्रे सीलंटचा आयुष्यकाळ काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत, ऊन आणि धुणं बघून. कबुतराच्या विष्ठेपासून ते तासाभराची सवलत देतं, आठवड्याची नाही. 'टेफ्लॉन कोटिंग'चंही तसंच. तव्यावरचं टेफ्लॉन ३२७ अंशांच्या आसपास वितळतं आणि तव्यावर बसवायला भट्टी लागते. तुमच्या गाडीला कुणी भट्टीत घातलेलं नाही.

सध्याची बाटली मी ऑक्टोबरमध्ये फोडली, झाकणावर मार्करने तारीख लिहिली आहे. एका गाडीला वीस-पंचवीस मिलिलिटर पुरतं, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये वीस वेळा तरी. काकांनी परवा ती उजेडात धरून बघितली, निम्म्याच्या वर भरलेली आहे. "वापरत नाहीस वाटतं," म्हणाले, आणि आपल्या पांढऱ्या गाडीसाठी थोडी मागून घेतली. दोन फडकीही दिली आहेत बरोबर, लाल टाक्याची.